ओवाळणीतल्या पाच लाल

भाऊबीजेला दादा ताटात पाकीट ठेवतो. धाकटा टोरंटोला असतो, त्याला मी फोनच्या पडद्यावर ओवाळते आणि तो तिथूनच पैसे पाठवतो. वर्षानुवर्षं ते पैसे कुठे जायचे ते मला सांगता आलं नसतं. कधी लेकीच्या क्लासची फी, कधी मिक्सरची दुरुस्ती, कधी नुसतेच दूध-भाजीत मिसळून जायचे. पाच-सहा दिवाळ्यांपूर्वी आत्याने सहज विचारलं, "गेल्या वर्षीच्या ओवाळणीचं काय घेतलंस?" मला काही आठवेना. ती म्हणाली, "भावाने दिलेलं बहिणीच्या अंगावर दिसलं पाहिजे गं."

तेव्हापासून ओवाळणीतून मी दरवर्षी एकच वस्तू घेते. एक लाल लिपस्टिक. चांगल्यातली, महागातली, आणि शिअर. शिअर म्हणजे जिच्यातून ओठ दिसतो ती. मलमलीच्या पदराखालून हात दिसावा तसा. अशा पाच जमल्या आहेत आणि गेल्या शनिवारी पहिल्यांदाच पाचही एका रांगेत ठेवून नीट ताडून पाहिल्या. त्याबद्दल हे लिहिते आहे.

शिअरच का, याला एक कारण आहे. पहिल्या वर्षी पैसे पर्समध्ये घालून मी इथे बडोद्यातच एका मॉलमधल्या काउंटरवर गेले होते. पातळ लाल दाखवा म्हटलं. तिथल्या मुलीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सांगितलं, "मॅडम, तुमचा वरचा ओठ डार्क आहे. आधी कन्सीलर लावून तो झाकावा लागेल. शिअर तुम्हाला नाही चालणार, मॅट घ्या." आवाज अगदी गोड होता, तिला तसंच शिकवलेलं असणार. पण मी काही न घेता बाहेर आले आणि पार्किंगमध्ये स्कूटरपाशी बराच वेळ उभी राहिले.

माझा वरचा ओठ जांभळट तपकिरी आहे आणि खालचा गुलाबी. आईचे तसेच होते, आत्याचे तसेच आहेत, लेकीचेही तसेच निघाले. आपल्याकडे कितीतरी बायकांचे असतात. लग्न ठरल्यावर सहा महिने मला रोज रात्री ओठांवर बीटाचा तुकडा घासायला लावला होता, वर साय आणि लिंबू. ओठ होते तसेच राहिले. पंचविशीत ऐकलेलं तेच पंचेचाळिशीत काउंटरवर पुन्हा ऐकलं, म्हणून लागलं.

पण रंग हे तर माझं रोजचं काम. बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं शेड मॅचिंग करते. शाईसाठी आणि प्लास्टिकसाठी लागणारी पिगमेंट, म्हणजे रंगाची पूड. गिऱ्हाइकाचा नमुना एका बाजूला, आमची बॅच दुसऱ्या बाजूला, आणि फरक किती ते डोळ्यांनी आणि मशीनने सांगायचं. आमच्याकडे प्रत्येक रंगाचे दोन चेहरे बघतात. जाड थरात दिसतो तो मासटोन. पातळ पसरल्यावर खालचा कागद डोकावायला लागतो तेव्हा दिसतो तो अंडरटोन. दोन लाल मासटोनला जुळ्या बहिणींसारखे दिसतात, पातळ पसरले की एक केशरीकडे जातो, दुसरा निळ्याकडे. नवीन आलेल्या पोरांना हे पहिल्या आठवड्यात दाखवावं लागतं.

लिपस्टिकची कांडी म्हणजे मासटोन. तो रंग आपण दुकानात बघतो, मोबाइलवर बघतो, त्यावर भाळतो. भरगच्च मॅट, म्हणजे बिनचमकीची, लिपस्टिक ओठांवर साधारण कांडीसारखीच दिसते, कारण तिच्यात पिगमेंट दाटून भरलेलं असतं आणि बऱ्याचदा टायटॅनियम डायऑक्साइडही असतो. भिंतीवरचे डाग झाकायला रंगात घालतात तोच पांढरा. शिअरमध्ये रंग कमी आणि तेल जास्त. ती ओठांवर फक्त अंडरटोन दाखवते आणि उरलेला अर्धा रंग ओठ स्वतः घालतो. म्हणजे त्या काउंटरवरच्या मुलीचं निम्मं बरोबर होतं. माझ्या ओठांवर शिअर वेगळी दिसणारच. ते वेगळं दिसणं म्हणजे दोष, एवढंच तिचं चुकलं.

शनिवारी आमचा अर्धा दिवस असतो. साहेबांना विचारून मी पाचही लिपस्टिक लॅबमध्ये नेल्या. प्रत्येकीचा मुगाच्या दाण्याएवढा तुकडा सुरीने काढला, अर्ध्या काळ्या अर्ध्या पांढऱ्या कार्डावर ठेवला आणि वरून काचपट्टी दाबली. मग ती कार्डं लाइट बॉक्समध्ये. हा एक राखाडी रंगाचा कप्पा असतो, त्यात बटण दाबलं की उजेड बदलतो. डी ६५ म्हणजे दुपारच्या आभाळाचा उजेड, ६५०० केल्व्हिन (उजेड निळसर की पिवळसर ते सांगणारं माप). टीएल ८४ म्हणजे दुकानातल्या ट्यूबलाइटचा, ४००० केल्व्हिन. आणि ए म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बचा, २८५६ केल्व्हिन. लग्नाच्या हॉलमधला उजेड साधारण ए-कडचा असतो, ऑफिसातला टीएल ८४-कडचा. एकच लाल या तिन्हींत तीन तऱ्हांनी बोलतो. कपड्याच्या दुकानातून बायका ब्लाउजपीस घेऊन दारात उन्हात येतात ते याच्याचसाठी. लिपस्टिक मात्र आतल्या आत, आरशाभोवतीच्या दिव्यांत घेतो.

आता एकेक सांगते.

पहिल्या वर्षीची मॅकची लेडी बग. कंपनी १९८४ साली टोरंटोत सुरू झालेली, त्यामुळे धाकट्याला वाटलं आपल्या गावचीच वस्तू, त्याने येताना आणली. हिचा लाल पिवळ्याकडचा, पिकलेल्या टोमॅटोचा. पांढऱ्या कार्डावर उन्हासारखी दिसते. पिवळ्या दिव्यात तिचा लाल मागे सरतो आणि केशरी पुढे येतो, म्हणून लग्नाला मी ती लावत नाही. सकाळी कॉटनच्या साडीवर छान. फार काही लिहिण्यासारखं नाही, पण हात सगळ्यात आधी तिच्याकडे जातो.

दुसरी ईव्ह सँ लॉराँची रूज व्होल्युप्ते शाइन, चार नंबरची, रूज इन डेंजर. हीही धाकट्याकडूनच. टोपण काढलं की आंब्याचा वास येतो. खऱ्या रसाचा नव्हे, आंब्याच्या गोळीचा. पण वैशाखात केसरच्या पेट्या घरात आलेल्या असताना ती लावली की दोन्ही वास एकमेकांत मिसळतात आणि मला माहेरचं माजघर आठवतं, खाटेखाली गवतात रचलेले आंबे. रंग सरळ लाल, ना केशरी ना गुलाबी. ओठांवर ओली चमक राहते. लेक म्हणते, हिचा रंग कमी लक्षात राहतो, वास जास्त.

तिसरी शनेलची रूज कोको फ्लॅश, ९२ नंबर, अमूर. तीन ग्रॅमची कांडी. ओठांवर टेकवली की लोण्यासारखी उतरते, आरसा लागत नाही, रिक्षात बसल्या बसल्या लावता येते. माझ्या ओठांवर ती गुलाबीकडे, रासबेरीकडे जाते. लॅबमध्ये मजा ही आली की ट्यूबलाइटच्या उजेडात, जिथे बाकीच्या लाल जरा मलूल झाल्या, तिथे ही तशीच्या तशी उभी राहिली. मीटिंग असली की मी हीच का लावते ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं हात आपोआप जात होता.

चौथीबद्दल मला जास्त लिहायचं आहे. क्लिनिकची ब्लॅक हनी. ती १९७१ साली आली तेव्हा छोट्या डबीत होती, बोटाने लावायची. या बारीक कांडीच्या रूपात ती १९८९ पासून आहे. कंपनी तिला लिपस्टिक म्हणतच नाही, ऑलमोस्ट लिपस्टिक म्हणते. पेन्सिलीएवढी जाड, वजन अवघं १.९ ग्रॅम. २०२१ मध्ये परदेशातल्या तरुण मुलींनी ती एकदम उचलून धरली, तेव्हा दुकानांत मिळेनाशी झाली होती. आपल्या आईपेक्षा जुनी लिपस्टिक त्या मुलींनी शोधून काढली म्हणून मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

कांडी बघितली तर जवळजवळ काळी. कुणी लाल म्हणणार नाही. काचपट्टीखाली दाबली तेव्हा काळ्या कार्डावर काहीच दिसेना, नुसता तेलाचा ओलावा. आणि पांढऱ्यावर? आमसुलाचं पाणी काचेच्या पेल्यात धरून खिडकीकडे बघावं तसा रंग. तपकिरी, जांभळा आणि लाल एकत्र, पण गढूळ नाही. मासटोन आणि अंडरटोन यांत इतकं अंतर असलेली लिपस्टिक मी दुसरी पाहिलेली नाही. कारखान्यात असा नमुना आला असता तर सगळ्यांना बोलावून दाखवला असता.

आणि ही लिपस्टिक माझ्या वरच्या ओठाशी भांडत नाही. तिच्या रंगात जो जांभळा आहे तोच माझ्या ओठात आधीपासून आहे. लावली की वरचा ओठ डाग वाटत नाही, तो मुळातच त्या रंगाचा असावा असा वाटतो. गोऱ्या कातडीच्या बायकांवर ती बेरीसारखी दिसते असं वाचलं होतं. माझ्यावर ती विड्याच्या लालीसारखी दिसते.

विड्यावरून आजी आठवली. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात ती जेवणानंतर पितळी डबा उघडायची. पानाला चुना, वर कात, सुपारी, बडीशेप. कात तपकिरी, चुना पांढरा, आणि तोंडात गेल्यावर लाल. आम्ही पोरं तिची जीभ बघायला पुढ्यात बसायचो. तिने आयुष्यात कधी लिपस्टिक लावली नाही, पण तिच्या ओठांना कायम एक लाली असायची, कडेला गडद आणि मध्ये फिकट. हळदीला चुन्याचं पाणी लागलं की कुंकू होतं, तेही तिनेच मला वाटीत करून दाखवलं होतं. रंगात मी पडले त्याचं मूळ कदाचित त्या वाटीत असेल.

पाचवी डिऑरची. डिऑर ॲडिक्ट, आठ नंबरची. ख्रिस्तियाँ डिऑर यांचा आठ या आकड्यावर भारी विश्वास होता. त्यांचं घर १९४६ च्या ८ ऑक्टोबरला सुरू झालं, पॅरिसच्या आठव्या विभागात, आणि पहिल्या कलेक्शनमधल्या एका आकाराला त्यांनी 'आठ' हेच नाव दिलं. ही लिपस्टिक २०२२ मध्ये नव्याने काढली. आतली कांडी संपली की फक्त ती बदलायची, डबी तीच ठेवायची. ३.२ ग्रॅम. काळ्या कार्डावर पाचांत सगळ्यात जास्त हीच दिसली, म्हणजे झाकण्याची ताकद हिच्यात सगळ्यात जास्त. शिअरच्या अगदी कडेवर बसलेली आहे. एक हात फिरवला तर ओठ दिसतो, तीन हात फिरवले तर दिसेनासा होतो. पिवळ्या दिव्यात हिचा लाल उठून येतो. गेल्या वैशाखात दादाच्या मुलीच्या लग्नात हिरव्या नारायणपेठी साडीवर मी हीच लावली होती आणि फोटोत माझे ओठ, हिरवा चुडा आणि कुंकू तिन्ही एकमेकांशी जुळलेले दिसतात. तो फोटो मी फ्रेम करून घेतला आहे.

टिकतात किती? चहा प्यायला की जातात, पाचही. सेव-उसळीची तर्री म्हणाल तर पहिल्या दोन चमच्यांतच. पातळ थर आणि वर तेल, तो टिकणार कसा. रात्रभर गरबा खेळायचा असेल तर शिअरच्या वाटेला जाऊ नका, मॅटच लावा. पण शिअर जाते ती कडेला रेघ ठेवून जात नाही, हळूहळू फिकी होते आणि पुन्हा लावायला आरसा लागत नाही. मला हे जास्त सोयीचं वाटतं.

दोन रंगांच्या ओठांवर शिअर लावायची कशी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सुरुवातीला वरच्या काळपट ओठावर जास्त चोळायचे, आणि तो आणखीच गडद व्हायचा. लाल काच लाल काचेवर ठेवली तर रंग दाटच होणार, उजळ कसा होईल. कारखान्यात रोज करते ते घरी सुचायला मला दोन वर्षं लागली. वरच्या ओठावर एकच हात फिरवायचा आणि खालच्या, फिकट ओठावर दोन. खालचा वरच्याच्या जवळ येतो. अंतर पूर्ण जात नाही, जायलाही नको. आधी तुपाचं बोट लावून पाच मिनिटांनी पुसून घ्यायचं, म्हणजे सालं निघालेल्या जागी रंग अडकत नाही. आणि हाताच्या पाठीवर लावून शेड ठरवायची नाही. हाताची पाठ हा ओठ नव्हे. काउंटरवर कांडीच्या टोकावरून काडीने थोडा रंग काढून द्यायला सांगायचं, तो बोटाने ओठावर लावायचा आणि दारापर्यंत चालत येऊन उजेडात बघायचा. त्यांना घाई असते, आपल्याला नसावी.

रंगांच्या यादीबद्दल आत्या नेहमी विचारते, म्हणून तेही लिहिते. खोक्यावर बारीक अक्षरांत सीआय म्हणून आकडे असतात. सीआय म्हणजे कलर इंडेक्स, रंगांची जागतिक यादी. सीआय १५८५० दिसला की मला घरचं माणूस भेटल्यासारखं होतं. या आकड्याच्या रंगांतला एक, कॅल्शियमचा, आमच्या कारखान्यात पिगमेंट रेड ५७:१ म्हणून बनतो. लिथॉल रुबिन. वर्तमानपत्रातल्या रंगीत फोटोतला मॅजेंटा तोच. रेणू तोच, पण ओठांसाठीचा माल वेगळा, शुद्धतेचे नियम कडक. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांच्या रंगात शिसं २० पीपीएमच्या (दहा लाखांत वीस भागांच्या) वर आणि आर्सेनिक २ पीपीएमच्या वर चालत नाही. म्हणून मंगळ बाजारात टोपलीत मिळणाऱ्या बिननावाच्या कांड्या मी लेकीला घेऊ देत नाही. शाईचा रंग कसा असतो ते मी रोज बघते.

दुसरा आकडा ७५४७०. तो कार्माइन, निवडुंगावरच्या कोचिनील किड्यापासून काढलेला लाल. शाकाहारी असाल आणि चालत नसेल तर हा आकडा लक्षात ठेवा. पण एक अडचण आहे. यादीच्या शेवटी अधिक-उणेचं चिन्ह करून त्या लिपस्टिकच्या सगळ्या शेड्समधले रंग एकत्र छापलेले असतात, त्यामुळे आपल्याच शेडमध्ये तो आहे की नाही ते खोक्यावरून नेहमीच कळत नाही. कंपनीला विचारावं लागतं. हे मी आत्याला घाबरत घाबरत सांगितलं, कारण ती कांदाही चातुर्मासात खात नाही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "पूजेला मी रेशमी नेसते, ते तरी कशाचं असतं?"

जपण्याचं म्हणाल तर मे महिन्यात बडोद्याचा पारा चव्वेचाळीसला टेकतो. पाचांतली एक मी तासभर गाडीत विसरले होते. परत आले तर कांडी वाकलेली आणि अंगावर तेलाचे थेंब. ते थेंब टिपून, टोपण लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली, आता चालते आहे, पण धार गेली ती गेलीच. आता उन्हाळ्यात पाचही स्टीलच्या डब्यात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतात.

एक गोष्ट राहिली. लेक इथे फाइन आर्ट्सला आहे. तिला अभ्यासाला जायचं होतं म्हणून आम्ही दोघी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात गेलो होतो, रविवर्म्याची चित्रं बघायला. सयाजीरावांनी त्यांना १८८१ च्या सुमारास इथे बोलावलं आणि पुढे पुराणातल्या प्रसंगांची चौदा चित्रं करून घेतली. मी ती चित्रं शाळेच्या सहलीपासून पाहत आले आहे, पण दर वेळी दागिने आणि साड्याच पाहिल्या. या वेळी मी फक्त ओठ पाहिले. एका चित्रापुढे दोरीला टेकून उभी राहिले तेव्हा दिसलं की वरचा ओठ खालच्यापेक्षा चांगलाच गडद आहे. तपकिरीवर लाल. खालच्या ओठावर मध्ये उजेडाचा एक छोटा ठिपका, आणि कोपऱ्यांत लाल जवळजवळ काळा होतो. कुठेही एकसारखा भरलेला रंग नाही. लेकीला दाखवलं तर ती तैलरंगाचं ग्लेझिंग समजावून सांगायला लागली. आधी खालचा थर पूर्ण वाळू द्यायचा, मग त्यावर तेलात पातळ केलेला पारदर्शक लाल फिरवायचा, म्हणजे उजेड लालातून आत जातो, खालच्या रंगावर आपटतो आणि परत येतो. "खालचा रंग झाकायचा नसतो आई, त्याच्यावर तर सगळं अवलंबून असतं," ती म्हणाली आणि पुढच्या चित्राकडे गेली. तिला माझी काउंटरवरची गोष्ट माहीत नाही. मी कधी सांगितलेली नाही.

यंदाची भाऊबीज दांडिया बाजारातच झाली. आत्या आता चौऱ्याहत्तरची आहे. तिला ओवाळणी घालणारा भाऊ म्हणजे माझे बाबा, ते जाऊन चार वर्षं झाली. दादाने माझ्या ताटात पाकीट ठेवलं तेव्हा ती स्वयंपाकघरात काहीतरी करत राहिली, बाहेर आली नाही. दुपारी सगळे लवंडले तेव्हा मी पाचही लिपस्टिक तिच्या पलंगावर मांडल्या आणि म्हटलं, यातली तुला कुठली आवडते सांग, यंदाची तुझी. ती नाही नाही म्हणत होती आणि हात टोपणांकडे जात होता.

काडीने टोक खरवडून मी एकेकीचा रंग तिच्या ओठांवर लावून पाहिला, मध्ये ओल्या रुमालाने पुसत. लेडी बगला तिने नको म्हणून मान हलवली. डिऑर लावली तेव्हा म्हणाली, "ही तुझी, लग्नाघरातली." शनेल तिला फार गुलाबी वाटली. आंब्याची तिने फक्त हुंगली. ब्लॅक हनीची काळी कांडी बघून ती मागे सरली, "काजळ आहे का हे?" पण लावू दिली. खिडकीशी नेऊन हातात आरसा दिला. तिने ओठ एकमेकांवर दाबले, सोडले, पुन्हा दाबले. वरचा ओठ गडद, कडेला आणखी गडद, मध्ये फिकट लाल.

"आईचे असेच दिसायचे," ती म्हणाली. "विडा खाल्ल्यावर."

मग उठून बाहेर गेली, सगळ्यांना दाखवलं, दादाकडून फोटो काढून घेतला. चार वाजता चहा झाला. कप धुऊन ती माझ्याजवळ आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "गेली गं सगळी. परत लाव."